ऐकता ऐकता – लेखांक ७ : चार गाण्यांची तबकडी

गेल्या आठवड्यात आपण एलपीपर्यंत आलो होतो. आज तिची धाकटी बहीण, ईपी. ज्यांच्या घरी रेकॉर्डप्लेअर होता, त्यांना ही सात इंची तबकडी नक्की आठवेल. मिनिटाला ४५ फेरे आणि दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी. कितीतरी भावगीतं आपल्या घरांत अशी चौघं मिळून आली. अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ईपी बाजारात आणली. खाचा जवळजवळ कोरून एका बाजूवर सातेक मिनिटं बसवली, म्हणून नाव ‘एक्स्टेंडेड प्ले’.

तबकडी गेली, नाव टिकलं. आता चार-सहा गाण्यांचा, साधारण अर्ध्या तासाच्या आतला संच म्हणजे ईपी. पनवेलहून लोकल सुटताना लावला तर नेरुळच्या आसपास संपावा एवढा.

अशा ईपीचं मोल कळायला एक मेटल बँड पाहू. आपल्या लोकलच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, २००० साली साहिल मखिजाने ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड उभा केला. मेटलचा घणाघात आणि त्यावर वाद्यवृंदाचा विस्तार, अशी यांची रीत. स्वीडनचा ‘थेरिऑन’, फिनलंडचा ‘नाइटविश’ यांनी ही सिम्फनीची वाट रुंद केली. मुंबईच्या या मंडळींचा गळा मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी खरखरीत, गुरगुरणारा.

या संगीतातली खरी कसरत सप्तकांची आहे. मेटलमधली गिटार खालच्या स्वराला लावलेली असते, तिचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो. त्यातच डबल बास पेडलवर ड्रमरचे दोन्ही पाय धावत असतात. सगळा मंद्र भाग असा भरून गेला, की तिथे चेलो वाजवून उपयोग नाही. कानाला फक्त गढूळपणा जाणवतो. म्हणून व्हायोलिनचे थर वर, तार सप्तकाकडे न्यावे लागतात, कोरसला मधली मोकळी जागा शोधावी लागते. पन्नास वादक परवडत नाहीत, तेव्हा हे सगळं कीबोर्डवर उभं करायचं. एकेका गाण्यात असे डझनभर थर जुळवायला किती रात्री जात असतील!

म्हणूनच अशा बँडला ईपी इतकी मोलाची वाटते. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ हा अल्बम २००५चा, ‘द रिटर्न टू डार्कनेस’ २०१०चा. मध्ये पाच वर्षं. पूर्ण अल्बमची वाट पाहत बसले असते, तर श्रोते पांगले असते. २००७मध्ये त्यांनी ‘बियाँड द डार्कनेस’ ही ईपी काढली. तिन्ही नावांत काळोख आहे, हे काही उगाच नव्हे. मला ही ईपी जिन्यातल्या चौथऱ्यासारखी वाटते. दम घ्यायचा, आणि वर किती चढायचंय तेही इथूनच दिसतं. २०१०मध्येच ‘मेटल हॅमर’ या इंग्लंडच्या मासिकाचा पुरस्कार या बँडला मिळाला. मला तेव्हा फार आनंद झाला होता.

ऐकायची असेल तर हेडफोनवर ऐका. पहिल्या खेपेला गुरगुर अंगावर येईल, येऊ द्या. दुसऱ्या खेपेला गायक सोडून फक्त कीबोर्डचा माग धरा.

पुढच्या आठवड्यात याच बँडचा २०१७चा अल्बम. त्याचं नाव ‘दशावतार’, आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं.