रिआल्तोचा पूल कशावर उभा आहे?

अमिताभ बच्चन आणि झीनत अमान गोंडोलात बसले आणि व्हेनिस आपल्याकडे घरोघरी पोचलं. १९७९ च्या ‘द ग्रेट गॅम्बलर’मधलं ते गाणं ज्यांनी पाहिलंय, त्यांना नाव आठवते, वल्हं आठवतं, पाणी आठवतं. नावेच्या डोक्यावरून काय सरकतं, तिकडे सहसा लक्ष जात नाही. आणि खरी कमाल तर तिथेच आहे! या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, आणि त्यातल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. पुलाला पायऱ्या? पूल तर वाट सोपी करायला बांधतात. मग चढा-उतरायला लावणारे पूल कुणी आणि का बांधले असतील?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. व्हेनिस म्हणजे खाजणातल्या शंभराहून अधिक चिमुकल्या बेटांचा पुंजका. प्रत्येक बेटाचं आपलं देऊळ म्हणजे चर्च, आपला चौक, आपली गोड्या पाण्याची विहीर. घराचं दिमाखदार तोंड कालव्याकडे, कारण पाहुणा आणि माल दोन्ही नावेनं येणार. म्हणजे कालवा हाच रस्ता. पूल आला तो नंतर, सवडीनं. सुरुवातीचे पूल लाकडाचे, सपाट, बिनपायऱ्यांचे होते आणि त्यांवरून घोडेसुद्धा जात. पण पूल सपाट असला की खालची नाव अडते. शहर श्रीमंत झालं, लाकडाच्या जागी विटा-दगड आले, तेव्हा व्हेनिसकरांनी निकाल नावेच्या बाजूनं दिला: नाव वाकणार नाही, माणसानं चढावं. पुलाला कमानीची पाठ आली, पाठीवर पायऱ्या आल्या आणि घोड्यांची सद्दी संपली.

त्या निकालाची किंमत हे शहर आजही रोज मोजतं. दूध, भाजी, सिमेंट, कपाटं, सगळं नावेतून उतरतं आणि हातगाडीवरून दारात जातं. या हातगाड्यांची बनावट बघण्यासारखी आहे. मोठ्या दोन चाकांच्या पुढे आणखी दोन लहान चाकं असतात, ती आधी पायरीवर टेकवायची आणि मग सगळा भार वर ओढायचा. गाडीवाला ‘अत्तेन्त्सिओने!’ म्हणून ओरडला की पर्यटकांनी मुकाट्यानं बाजूला व्हायचं. तुम्ही थांबलाच आहात तर पायरी नीट पाहून घ्या. चालायची जागा करड्या खरबरीत दगडाची, पाय घसरू नये म्हणून. तिची कड मात्र पांढऱ्याशुभ्र इस्त्रियन दगडाची. समोरच्या इस्त्रिया द्वीपकल्पातून नावांनी आणलेला हा चुनखडक इतका घट्ट असतो की खारं पाणी त्यात मुरत नाही. शिवाय अंधारातही कड दिसते. दिवे नसलेल्या शतकांत या पांढऱ्या रेघेनं कितीजणांचे पाय वाचवले असतील!

काही पूल चक्क तिरके आहेत. ‘पोंते स्तोर्तो’ म्हणजे वाकडा पूल, आणि या नावाचे पूल शहरात एकाहून अधिक आहेत. गवंडी चुकला असं वाटतं, पण तसं नाही. या बेटावरची गल्ली आणि त्या बेटावरची गल्ली वेगवेगळ्या काळात, एकमेकींचा विचार न करता घडल्या. पुढे त्यांची गाठ घालायची वेळ आली तेव्हा समोरासमोर येतात कशाला! घरं हलवणं शक्य नव्हतं, म्हणून पुलालाच अंग मुरडावं लागलं.

आणखी एक धक्का म्हणजे जुन्या पुलांना कठडेच नव्हते. कानारेज्जो भागातला पोंते क्योदो आजही तसाच आहे. उघडी पाठ, दोन्हीकडे थेट पाणी. सान बार्नाबाजवळच्या ‘मुठींच्या पुला’वर, पोंते देई पुन्यीवर, तर याच उघडेपणाचा खेळ व्हायचा. शहरातले दोन तट, कास्तेल्लानी आणि निकोलोत्ती, पुलाच्या माथ्यावर एकमेकांना भिडायचे आणि ठोशांनी पाण्यात लोटायचे. खिडक्या, गच्च्या, नावा बघ्यांनी गच्च भरायच्या. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला, तेव्हा त्यालाही हा सामना दाखवला होता. रक्तपात फार वाढला आणि १७०५ मध्ये बंदी आली. आता तिथे कठडा आहे, पण पुलाच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत चार पावलं दगडात कोरलेली दिसतात. लढवय्यांनी सुरुवातीला पाय ठेवायच्या त्या जागा. त्यात आपलं पाऊल ठेवून खाली कालव्याकडे बघा, पोटात गोळा येतो की नाही ते सांगा.

पण एवढे सगळे पूल गल्लीबोळांतले, एका उडीत पार होतील अशा कालव्यांवरचे. शहराच्या मधोमध मात्र ग्रँड कॅनाल आहे, जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांबीचा, उलट्या एससारखा वळलेला. तो ओलांडायचा कसा?

१८५४ पर्यंत तो पायी ओलांडायला एकच जागा होती, रिआल्तो. बाकी सगळीकडे नावेनं पलीकडे जायचं. पहिला पूल ११८१ सालचा, नावा शेजारी शेजारी बांधून केलेला तरंगता. त्याला नाण्यांचा पूल म्हणत. रिआल्तो म्हणजे बाजार: पेढ्या, सराफ, मासळी, रेशीम आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्र, इजिप्त असा प्रवास करून आलेली मिरी. त्या मिरीच्या बदल्यात व्हेनिसचं सोनं उलट दिशेनं आपल्याकडे आलं. व्हेनिसचा सोन्याचा डुकाट आपल्याकडे पुतळी म्हणून चालत असे, आणि गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ त्याच नाण्यात मानलं जातं. आजीच्या दागिन्यांच्या डब्याचा धागा असा थेट या पुलाशी पोचतो.

तरंगत्या पुलानंतर तेराव्या शतकात लाकडाचा पूल झाला. डोलकाठीची जहाजं जावीत म्हणून त्याचा मधला भाग उचलता येत असे. कार्पाच्चो या चित्रकारानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो हुबेहूब रंगवलाय, ते चित्र व्हेनिसच्याच अकादेमिया संग्रहालयात आहे. पण लाकडाचं नशीब खडतर. १३१० च्या बंडात पूल जळाला. १४४४ मध्ये लग्नाची मिरवणूक बघायला एवढी गर्दी लोटली की माणसांसकट कोसळला. १५२४ मध्ये पुन्हा पडला. आता बास, दगडाचाच पूल हवा, असं ठरता ठरता पुढची साठेक वर्षं गेली. पाल्लादिओसारख्या त्या काळच्या सर्वात नावाजलेल्या वास्तुरचनाकारानं खांबांची, मंडपांची भव्य कल्पना मांडली. दुसरा वास्तुरचनाकार स्कामोत्सी तीन कमानी हव्यात म्हणाला. काम मिळालं ते सत्तरी ओलांडलेल्या अंतोनिओ दा पोंतेला. तो म्हणाला, कमान एकच.

एकाच कमानीचा हट्ट कशासाठी? पात्रात मध्ये खांबच नको, नावांना पूर्ण वाट मोकळी. कमान २८ मीटरांहून थोडी जास्त रुंद आणि पाण्यापासून साधारण साडेसात मीटर उंच. ऐकायला साधं वाटतं, पण इथेच खरा पेच आहे. कमान फक्त खाली दाबत नाही, ती बाजूंनाही ढकलते. निसरड्या फरशीवर शिडी भिंतीला टेकवा आणि तिच्यावर चढा, शिडीचे पाय मागे पळायला बघतात. कमान म्हणजे माथ्यावर एकमेकींना टेकलेल्या अशा दोन शिड्या. आणि कमान जेवढी बसकी, तेवढा हा पळायचा जोर जास्त. रिआल्तोची कमान चांगलीच बसकी आहे, वर दुकानांच्या दोन रांगांचं ओझं आहे, आणि ज्या जमिनीनं हा जोर झेलायचा ती जमीन म्हणजे चिखल!

चिखल डोंगर पेलतो कसा?

दा पोंतेनं काठाला बांध घालून पाणी उपसलं आणि चिखलात लाकडाचे खुंट ठोकायला सुरुवात केली. एकाशेजारी एक, बोट शिरणार नाही इतके दाट. घणाचे ठोके घालूनही खुंट आत जाईना, तिथपर्यंत ठोकायचा. दोन्ही काठांचे मिळून सुमारे १२ हजार खुंट! पण शेजारी जुन्या इमारती खेटून उभ्या होत्या. सरसकट खोल खणलं तर त्याच कलंडल्या असत्या. म्हणून त्यानं पायाला पायऱ्या दिल्या. पाण्याकडे खोल, इमारतींकडे जाईल तसा उथळ. खुंटांची डोकी सपाट करून त्यांवर लाकडाचा थर अंथरला. आणि त्यावरचे दगड आडवे न रचता तिरके रचले, कमानीचा जोर ज्या दिशेनं येतो त्याला सामोरे जातील असे. माझ्या मते साऱ्या पुलातली सर्वात देखणी गोष्ट ही आहे, आणि ती कुणालाच दिसत नाही.

त्या वेळीही दिसत नव्हती, म्हणून ओरड झाली. पाया पुरेसा खोल नाही, पूल पडणार, अशा तक्रारी सरकारदरबारी गेल्या आणि भर कामात चौकशी बसली. चौकशीतून दा पोंते सहीसलामत सुटला. १५८८ मध्ये सुरू झालेलं काम १५९१ मध्ये पुरं झालं. त्याला आता चारशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटलाय. पूल उभा आहे.

तुम्ही विचाराल, लाकूड एवढी वर्षं कुजलं कसं नाही? आपल्या दारातली लाकडी फळी चार पावसाळ्यांत भुसभुशीत होते. पण लाकूड खाते ती मुख्यतः बुरशी, आणि बुरशीला पाण्याइतकीच हवाही लागते. पाण्याखालच्या घट्ट गाळात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथे हळूहळू काम करणारे जिवाणू तेवढे असतात. ते लाकूड आतून पोखरतात, पण पोकळ झालेल्या पेशींत पाणी भरून राहतं आणि भोवतीचा गाळ सगळीकडून दाबून धरतो, त्यामुळे खुंटाचा आकार टिकतो. लाकूड, पाणी आणि चिखल या तिघांपैकी एकालाही एकट्यानं हा भार झेपला नसता. तिघं मिळून झेलतात. ग्रँड कॅनालच्या तोंडावरचं सांता मारिया देल्ला सालूते हे प्रचंड चर्च अशाच दहा लाखांहून अधिक खुंटांवर उभं आहे असं सांगतात. म्हणजे व्हेनिसच्या खाली एक अख्खं जंगल उभं आहे, उलटं गाडलेलं.

रिआल्तोखालून बोटीनं जाताना दक्षिणेकडची बाजू निरखून बघा. कमानीच्या एका अंगाला देवदूत गॅब्रिएल, दुसऱ्या अंगाला मेरी, आणि मधल्या कळीच्या दगडावर कबुतर. येशू तुझ्या पोटी येणार, हा देवदूताचा निरोप साऱ्या कालव्यावरून उडत मेरीकडे निघालाय! व्हेनिसची परंपरा शहराचा जन्म २५ मार्च ४२१ चा मानते, आणि ख्रिस्ती पंचांगात तो दिवस याच निरोपाचा.

बाकीचे प्रसिद्ध पूल मी थोडक्यात आटोपतो. उसाशांचा पूल दा पोंतेच्या भाच्याचा, अंतोनिओ कोंतीनचा, सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. एका बाजूला दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातली चौकशीची दालनं, दुसऱ्या बाजूला तुरुंग. बाहेरून एक दिसला तरी आत भिंत घालून दोन वेगळ्या वाटा केल्यात. दगडी जाळीतून कैद्याला शेवटचं व्हेनिस दिसायचं म्हणतात, पण त्या जाळीतून फारसं काही दिसत नाही. हा पूल बघायला जवळच्या पोंते देल्ला पाल्या या पुलावर एवढी गर्दी असते की माझा सल्ला उजाडताच जाण्याचा. त्यापेक्षा कानारेज्जोच्या कालव्यावरचा १६८८ चा तीन कमानींचा पूल निवांत बघावा. अकादेमियाचा लाकडी पूल १९३३ मध्ये तात्पुरता म्हणून बांधला होता. पुढे तो नव्यानं उभारला, तरी रूप तेच ठेवलं, आणि तो तात्पुरता पूल अजून शहराच्या सेवेत आहे.

जायचं ठरलंच तर जुलैचा तिसरा आठवडा गाठा. १५७५ ते १५७७ या काळात प्लेगनं व्हेनिसची जवळजवळ एक तृतीयांश माणसं नेली. साथ सरावी म्हणून शहरानं रेदेंतोरे हे चर्च बांधायचा नवस केला, आणि चर्च बांधायचं काम दिलं पाल्लादिओला. तोच, ज्याला रिआल्तोचा पूल मिळाला नाही! चर्च जुदेक्का बेटावर आहे आणि मधल्या रुंद कालव्यावर एकही कायमचा पूल नाही. म्हणून दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या सणाला तीनशेहून अधिक मीटर लांबीचा तरंगता पूल टाकतात, शहर त्यावरून चालत नवस फेडायला जातं, आणि दोन-तीन दिवसांत पूल सोडवून ठेवतात. तुम्हीही त्या गर्दीत चालू शकता, तिकीट लागत नाही.