व्हेंडरला क्लाऊडमध्ये येऊ द्यायचं, पण कुठपर्यंत? भिवंडीच्या गोडाऊनवरून समजून घेऊया

तुम्ही मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात राहत असाल आणि मोबाईलवरून काही मागवलं असेल, तर ते पार्सल भिवंडीहून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. एकेकाळी हे शहर यंत्रमागांच्या खटखटाटासाठी ओळखलं जायचं. पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक हायवेला लागून असल्यामुळे मानकोली, काल्हेर, पूर्णा या बाजूला गोडाऊनच गोडाऊन उभी राहिली.

आता पार्सलवरचं लेबल बघा. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं त्यावर आहे. हीच माहिती गोडाऊनच्या सिस्टीममध्येही असते आणि ती सिस्टीम आजकाल बहुतेक वेळा क्लाऊडवर चालते. गोडाऊनवाला सगळं काम एकटा करत नाही. स्कॅनरचं सॉफ्टवेअर एकाचं, ट्रक ट्रॅकिंग दुसऱ्याचं, सीसीटीव्ही तिसऱ्याचा. प्रत्येकाचा फोन येतो, "सर, जरा ॲक्सेस द्या ना."

कॉलेज संपल्यावर मी काही महिने अशाच एका गोडाऊनमध्ये सिस्टीमचं काम बघायचो. तिथे व्हेंडरला दिलेला ॲडमिन पासवर्ड चक्क व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पडलेला होता. नोकरी सोडून गेलेली माणसंसुद्धा त्या ग्रुपमध्ये होती.

हा प्रकार किती महाग पडतो ते अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीला 2013 मध्ये कळलं. चोरट्यांनी थेट टार्गेटवर हल्ला केला नाही. एसी आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचं लॉगिन चोरलं, त्यातून नेटवर्कमध्ये शिरले आणि दुकानांतल्या बिलिंग मशीनपर्यंत पोहोचले. सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. एसीवाल्याच्या लॉगिनपासून बिलिंग मशीनपर्यंत वाट मोकळी राहिली होती, खरी चूक ती.

मग दार उघडायचं कसं?

क्लाऊडमधलं खाजगी नेटवर्क म्हणजे मोठ्या कंपाऊंडमधला तुमचा स्वतःचा गाळा. ॲमेझॉनने 2009 मध्ये त्याला व्हीपीसी हे नाव दिलं. आतल्या मशीनचे पत्ते 10.0.0.5 अशा खाजगी प्रकारचे असतात. इंटरनेटवरून कोणी थेट त्यांचं दार ठोठावू शकत नाही.

व्हेंडरला आत घ्यायचा जुना मार्ग म्हणजे व्हीपीएन. नियम नीट लावले नाहीत, तर ही मेन गेटची चावी ठरते. दुसरा मार्ग म्हणजे पीअरिंग, म्हणजे शेजारच्या दोन गाळ्यांमधली भिंत पाडणं. त्यातही कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम लावता येतात, पण सगळी भिस्त त्या नियमांवरच. शिवाय दोघांच्या नेटवर्कचे पत्ते एकमेकांत मिसळत असतील तर पीअरिंग होतच नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो, तो म्हणजे खिडकी. रेशन दुकानात आपण आत जातो का? खिडकीवर कार्ड देतो, माल घेतो. ॲमेझॉनच्या प्रायव्हेटलिंकची कल्पना साधारण हीच आहे. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या क्लाऊडमध्येही अशी सोय मिळते. गोडाऊनवाला फक्त एक सेवा खिडकीवर ठेवतो, समजा ऑर्डरचं स्टेटस सांगणारी. व्हेंडर आपल्या नेटवर्कमधून जोडणी मागतो, गोडाऊनवाला मंजूर करतो. व्हेंडरला ती एक सेवा सोडून मागचं काहीच दिसत नाही, आणि हा सगळा व्यवहार इंटरनेटवर न येता होतो. तासाप्रमाणे आणि डेटाप्रमाणे पैसे लागतात, फुकट नाही.

पण खिडकी लहान केली म्हणून काम झालं असं समजू नका! खिडकीतून काय बाहेर जातं ते कोण बघणार? ट्रक ट्रॅकिंगवाल्याला ऑर्डर नंबर आणि पिनकोड पुरत असेल, आणि तुमची सेवा त्याला नाव-नंबरासकट अख्खी यादी देत असेल, तर नेटवर्क कितीही बंद ठेवा, माहिती गेलीच. ही चूक मी जास्त वेळा पाहिली आहे.

माणसालाच आत यायचं असेल तर

कधीकधी व्हेंडरच्या इंजिनिअरला खरोखर लॉगिन करावं लागतं. तेव्हा पासवर्ड द्यायचा नाही, रोल द्यायचा. रोल म्हणजे व्हिजिटर पास. त्यावर मिळणारी चावी तात्पुरती असते. ॲमेझॉनमध्ये ती साधारणपणे 1 तास चालते आणि 15 मिनिटांपासून 12 तासांपर्यंत ठरवता येते. सोबत एक्सटर्नल आयडी नावाचा खास कोड असतो. तो कशाला? एका व्हेंडरचे शंभर ग्राहक असतात. त्यातल्या एखाद्याने तुमच्या रोलचं नाव स्वतःचं म्हणून व्हेंडरच्या सिस्टीममध्ये टाकलं, तर व्हेंडर नकळत त्याच्यासाठी तुमचं दार उघडेल. व्हेंडर प्रत्येक ग्राहकाला वेगळा कोड देतो, त्यामुळे इथे कोड जुळत नाही आणि दार बंदच राहतं.

कोण कधी आलं याची नोंदही ठेवावीच लागते. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार लॉग 180 दिवस जपायचे आणि ठराविक प्रकारचे सायबर हल्ले कळल्यापासून 6 तासांत कळवायचे.

तुमच्या फोनमध्येही हेच चालू असतं. गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये थर्ड पार्टी ॲप्सची यादी उघडून बघा. तीन वर्षांपूर्वी एकदाच खेळलेला गेम अजून तिथे बसलेला सापडेल.

आमच्या त्या गोडाऊनचा पासवर्ड शेवटी मी बदलला. दहा मिनिटांत शेजारच्या गाळ्यातले सगळे स्कॅनर बंद पडले, कारण व्हेंडरने तोच पासवर्ड स्कॅनरमध्येही टाकून ठेवला होता. ट्रक लाईनीत उभे, सुपरवायझर माझ्या नावाने ओरडतोय. संध्याकाळपर्यंत एकेक स्कॅनर हातात घेऊन नवं लॉगिन टाकत बसलो.