रिकामे चेंबर : शांघायच्या पोलिसांचे पिस्तूल आणि एक न मिटलेला वाद

आत्मसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते आणि त्या एकमेकींच्या आड येतात : दिवसभर अंगावर वागवताना शस्त्रातून चुकूनही गोळी सुटता कामा नये, आणि जीवावर बेतेल त्या क्षणी ते विनाविलंब चालले पाहिजे. या पेचाला विसाव्या शतकात जी उत्तरे मिळाली, त्यांतील सर्वांत विचारपूर्वक दिलेले आणि तरीही सर्वाधिक गैरसमज वाट्याला आलेले उत्तर शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलाचे आहे.

रिव्हॉल्व्हरपुरता हा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. १८७३ च्या कोल्टसारख्या जुन्या रचनेत घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकत असे, त्यामुळे जाणते लोक सहापैकी पाचच घरे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवत. पुढे चाप पूर्ण ओढल्याखेरीज आघात काडतुसापर्यंत पोचूच नये अशी पट्टी आत बसवली जाऊ लागली. स्वयंभरण पिस्तुलाची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप वर घेणाऱ्या शस्त्राची, गोष्ट मात्र निराळी होती. त्याची काडतुसे दस्त्यातील मॅगझिनमध्ये असतात आणि नळीमागचा कक्ष, म्हणजे चेंबर, भरलेला ठेवायचा की रिकामा, हे बाळगणाऱ्यालाच ठरवावे लागते. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे जे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारले, त्याला अंगठ्याने चालवायचा सुरक्षा-खटका घोडदळाच्या आग्रहावरून उशिरा जोडला गेला. घोडा ताणलेला, चेंबर भरलेले आणि खटका लावलेला अशा स्थितीत ते अंगावर ठेवणे त्यामुळे शक्य झाले. ते शहाणपणाचे की नाही, यावरच पुढचा सारा वाद उभा राहिला.

विल्यम इवार्ट फेअरबेर्न हा ब्रिटिश मरीन सैनिक १९०७ मध्ये शांघायच्या पोलिसांत दाखल झाला आणि १९४० पर्यंत तेथेच राहिला. युरोपीय, चिनी, जपानी आणि पंजाबातून गेलेले शीख अशा वेगवेगळ्या शाखांचे हे दल अपहरणकर्त्यांच्या आणि अफू-टोळ्यांच्या शहरात काम करत होते, आणि त्याच्या बंदुकांकडे साऱ्या चीनचे लक्ष होते. ३० मे १९२५ रोजी नानजिंग मार्गावर पोलिसांनी जमावावर केलेल्या गोळीबाराने देशभर आंदोलन पेटले होते. या दलाला प्रशिक्षण देताना फेअरबेर्न यांना घडवायचे होते ते नेमबाज नव्हेत. बहुतेक शिपायांच्या हाती शस्त्र प्रथमच येत होते, सरावाला वेळ थोडा आणि काडतुसे मोजकी होती. चिनी शिपायांना लहान दस्त्याचे .३८० कोल्ट देण्यात आले, ते त्यांच्या हातांच्या मापाचा विचार करून.

या पिस्तुलांवरचा सुरक्षा-खटका फेअरबेर्न यांनी खीळ मारून ‘उघड्या’ स्थितीत कायमचा जखडून टाकला. वरवर पाहता हा बेदरकारपणा वाटतो. वस्तुतः ती काटेकोर सावधगिरी होती. घाबरलेला माणूस खटका लावला होता की काढला होता हे विसरतो, आणि जो उपाय विसरण्याजोगा आहे त्यावर जीव टांगू नये, हा त्यामागचा विचार होता. त्याऐवजी सुरक्षा रिकाम्या चेंबरवर सोपवली गेली : मॅगझिन भरलेले, नळी निखालस रिकामी. पिस्तूल उपसताच डाव्या हाताने वरची सरकती स्लाइड धरून उजवा हात पुढे रेटायचा, की काडतूस चेंबरमध्ये जाऊन शस्त्र तयार होते. ही एकच हालचाल अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतली जाई. त्यापुढची नेमबाजीही काही पावलांच्या अंतरासाठी, अंधारासाठी आणि धावपळीसाठी बेतलेली होती, डोळ्यासमोर नेम जुळवत बसण्यासाठी नव्हे.

फेअरबेर्न आणि त्यांचे सहकारी एरिक सायक्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात या पद्धतीचे समर्थन म्हणून एक हिशेब दिला आहे. साडेबारा वर्षांत ६६६ सशस्त्र चकमकी झाल्या. त्यांपैकी पोलिसांनी केवळ पिस्तूल वापरलेल्या २०० चकमकींत पोलीस ४२ ठार व १०० जखमी, तर गुन्हेगार २६० ठार व १९३ जखमी झाले. रिकाम्या चेंबरचे पाठीराखे हे आकडे आजही पुढे करतात, परंतु त्यांतून ते म्हणतात ते सिद्ध होत नाही. त्या यशात कसून घेतलेले प्रशिक्षण होते, गोळीरोधक चिलखते आणि ढाली होत्या. भरलेल्या चेंबरने लढलेले तुलनेचे दुसरे दल मात्र त्या हिशेबात कोठेही नाही.

फेअरबेर्न १९६० मध्ये वारले. त्यांच्या मताला सर्वांत धारदार आव्हान जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने दिले, ज्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल-प्रशिक्षणाची शाळा काढली. पिस्तूल बाळगण्याच्या स्थितींना कूपर यांनी क्रमांक दिले : भरलेले चेंबर, ताणलेला घोडा आणि लावलेला खटका ही पहिली स्थिती, फेअरबेर्न यांचे रिकामे चेंबर तिसरी. पहिलीच स्थिती योग्य, असा त्यांचा आग्रह होता. तिच्या बाजूचा युक्तिवादही भक्कम आहे : हल्ल्याच्या वेळी डावा हात मोकळा असेलच असे नाही, तो जखमी असेल, हल्लेखोराला ढकलत असेल किंवा मुलाला धरून असेल, आणि एका हाताने स्लाइड ओढणे महाकठीण.

दोघांच्या मतांतला फरक त्यांच्या विद्यार्थ्यांतल्या फरकातून आला, हे या वादात सहसा लक्षात घेतले जात नाही. कूपर यांच्याकडे येणारा स्वखुशीने, पैसे मोजून, शेकडो गोळ्या झाडायला तयार होऊन येई. फेअरबेर्न यांच्यापुढे नोकरी म्हणून शस्त्र घेतलेला शिपाई उभा असे. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाने तर दोघांचे अर्धे अर्धे म्हणणे उचलले. त्याला अंगठ्याचा खटकाच नाही, हा फेअरबेर्न यांचा संशय खरा ठरला. चेंबर मात्र भरलेले ठेवायचे, हे कूपर यांचे. चाप मुद्दाम ओढल्याशिवाय पिस्तूल झडू नये आणि हातून पडले तरी गोळी सुटू नये, अशा योजना त्यात आतच आहेत. मात्र त्यामुळे चाप पूर्ण झाकणाऱ्या ताठ होल्स्टरला सुरक्षा-यंत्रणेच्या भागाइतके महत्त्व आले.

भारतात परवान्यावर पिस्तूल बाळगणाऱ्यांची स्थिती कूपर यांच्या शिष्यांपेक्षा शांघायच्या शिपायाच्या अधिक जवळची आहे, कारण सराव तुरळक आणि काडतुसांवर मर्यादा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, तेव्हा समोर हल्लेखोर नव्हता. शस्त्र नियम २०१६ सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद करतात. परवानाधारकाने ते केवळ प्रमाणपत्रापुरते घेऊ नये. रिकाम्या केलेल्या शस्त्रावर उपसण्याचा आणि स्लाइड ओढण्याचा सराव जाणत्या प्रशिक्षकासमोर नियमितपणे करावा, आणि तो होईपर्यंत चेंबर रिकामेच ठेवावे.