निशाणावर चेहरा नव्हता

चैत्र पौर्णिमेच्या दुपारी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. तरीही एका क्षणी गर्दी आपसूक दुभंगते, कारण पाडळीची काठी आलेली असते. देव जोतिबा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण सासनकाठ्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा. तिच्यामागं पाटण तालुक्यातलं विहे. सांगलीकडून येणाऱ्या मानाच्या काठ्यांत कसबे डिग्रजची काठी असते. लांबून बघणाऱ्याला सगळ्या काठ्या सारख्याच दिसतात: उंच वेळू, रंगीत कापड, गुलाल. पण तिथला माणूस काठी ओळखतो आणि गावाचं नाव घेतो. काठी कुणी धरली आहे, हे त्याच्या दृष्टीनं दुय्यम.

आपल्याकडच्या फलकांबद्दल, बावट्यांबद्दल लिहायला घेतलं तेव्हा मला सुरुवात इथूनच करावीशी वाटली. कामगार संघटनेचा फलक ही गिरणीच्या भोंग्याबरोबर आलेली गोष्ट, असं आपण धरून चालतो. सातारा-सांगलीच्या माणसापुरतं ते अर्धंच खरं आहे. वेळूला कापड बांधून घोळक्याच्या पुढं चालायचं, हे त्याला मुंबई दिसण्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं.

सासनकाठी उभी करणं हे कसबाचं काम आहे. वेळू सरळ लागतो, पेरं भरीव लागतात, आणि तो वाकला तरी तडकता कामा नये. तीस फुटांहून उंच काठी एकट्यानं पेलायची, तर नुसतं बळ पुरत नाही. काठीच्या वरच्या अंगाला दोर बांधून चार दिशांना सोडतात. त्या तोरण्या. भार एकाच्या अंगावर, तोल मात्र तोरण्या धरणाऱ्यांच्या हातात. वारा आला की ज्या बाजूला काठी झुकते, तिच्या समोरचा दोर ताणायचा, आणि तोही बेतानं. जास्त ओढला तर काठी उलट्या अंगाला येते. कापड गुंडाळतानाही वाऱ्याचा विचार असतो. फार मोकळं सोडलं तर ते शिडासारखं फुगतं आणि धरणाऱ्याला फरफटत नेतं.

माण तालुक्यात शिखर शिंगणापूरला आणखी वेगळं निशाण बघायला मिळतं. चैत्रात शंभू महादेवाचं लग्न लागतं, तेव्हा महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत लांबच लांब पांढरं कापड बांधतात. त्याला ध्वजच म्हणतात. त्यावर एक अक्षर नसतं. आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण असा साताऱ्याचा टप्पा चालते, तेव्हा दिंडीच्या पुढं असतात पताकाधारी. काव दिलेल्या त्या कापडावरही बहुधा काही लिहिलेलं नसतं, आणि तरी कुणी दिंडी चुकत नाही.

मराठीत निशाणाला शब्द किती आहेत ते पाहा. झेंडा, बावटा, पताका, जरीपटका, ढाल. फौजेचं मोठं निशाण मिरवणारा हत्ती तो ढालगज. ज्या भाषेत निशाण वाहणाऱ्या हत्तीला स्वतंत्र नाव आहे, तिथं निशाण धरणं ही हमाली नव्हती, मान होता.

तोच मान १९४२ साली रक्तात भिजला. त्या वेळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा एकच सातारा. ३ सप्टेंबरला तासगावच्या मोर्चानं मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावून कचेरीवर तिरंगा चढवला. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि परशुराम घार्गे पडले ते हातातल्या तिरंग्यासह. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. तेव्हाच्या झेंड्यावर मधोमध चरखा होता. शिवलेल्या तीन पट्ट्यांवर तो हातानं उमटवावा लागे. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात याच गावांनी तुफान सेना उभी केली.

मुंबईच्या लाल बावट्याखालीही हीच माणसं होती. घाटावरून गिरणीत गेलेला कामगार मोठ्या संख्येनं सातारा-सांगलीचा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली ज्या कलापथकाची उभारणी केली, त्याचं नावच लाल बावटा. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांना संघटनेत बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. माथाडी कायदा झाला १९६९ साली.

संघटनेचा फलक कसा व्हायचा, हे आता सांगून ठेवलं पाहिजे, कारण हा हात दुर्मीळ होत चालला आहे. मांजरपाट किंवा तयार लाल कापड घ्यायचं. दोन्ही टोकांना नेफा शिवायचा, त्यात वेळू सरकतो. कापड भिंतीवर ताणून खिळे मारायचे. दोऱ्याला खडूची पूड चोळून दोघांनी दोन टोकं धरायची आणि मधे उचलून टचकन सोडायचा, की सरळ पांढरी रेघ उमटते. ही झाली शिरोरेषेची जागा. मराठी अक्षरं या रेषेला टांगायची असतात. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं वरून लोंबतं, म्हणून आपला पेंटर आधी वरची रेघ सांभाळतो. वेलांटी आणि रफार यांना वर जागा ठेवायची, उकाराला खाली. नवशिक्याचा ‘युनियन’ शेवटी दाटीवाटीत कोंबलेला दिसे, तो हा हिशेब चुकल्यामुळं. कसलेला माणूस मधल्या अक्षरापासून दोन्हीकडं मोजत जातो. लाल कापडावर पांढरा रंग एका हातात बसत नाही. तांबडं खालून डोकावतं, म्हणून पहिला हात वाळल्यावर दुसरा. आणि सगळ्यांत शेवटी, रंग खडखडीत वाळला की, मोकळ्या जागी कात्रीनं चंद्रकोरी कापायच्या, वारा आरपार जाण्यासाठी. भोकं नसलेला फलक मोर्चात दोघांना आवरत नाही. तोरण्या धरणाऱ्याला जे ठाऊक असतं, तेच इथं कात्री धरणाऱ्याला ठाऊक असतं.

या फलकावर काय असे? संघटनेचं नाव, गाव, मागणी. महापुरुषाचं चित्र कधी असे, पण मोर्चा काढणाऱ्याचं स्वतःचं कधीच नाही.

विलायतेत या कामाचा मोठा धंदा झाला. लंडनच्या जॉर्ज टटिलनं १८३७ साली सुरू केलेला कारखाना संघटनांसाठी रेशमी फलक विणून, रंगवून देई. डरॅमच्या खाण कामगारांचा मेळा १८७१ पासून भरतो आणि त्यात प्रत्येक खाणीचं निशाण बँड लावून निघतं. त्या रेशमावर पुढाऱ्यांची चित्रंही असतात, हे खरं. पण ती निवडली खाणीतल्या कामगारांनी. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये असे शेकडो फलक जपले आहेत आणि त्यांच्या डागडुजीची वेगळी कार्यशाळा आहे.

आपल्याकडचे जपले गेले नाहीत. मांजरपाट स्वस्त, म्हणून त्याची किंमतही कुणाला वाटली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात त्यांना दुष्काळानं गाठलं, तेव्हा त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं. मुंबईत शिकलेलं मोर्चाचं वळण इथं पाण्याच्या लढ्याला कामी आलं. त्या दिवसांतली कापडं पुढं कुठं गेली असतील, याचा अंदाज करणं अवघड नाही. घराघरांत मांजरपाटाची पायपुसणी होतात.

नंतर फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळतो, उन्हापावसात टिकतो, संघटनांना परवडतो. त्याला नावं ठेवून पेंटरचं पोट भरणार नाही, हे मला कळतं. पण फ्लेक्सनं एक गोष्ट उलटी केली आणि ती मला सहन होत नाही. गावाचं नाव बारीक झालं आणि माणसाचा चेहरा मोठा. वाढदिवस, निवड, शुभेच्छुक, आणि खाली पासपोर्टएवढ्या फोटोंची रांग. अशा बेकायदा फलकांविरुद्ध २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका गेली, ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची. ३१ जानेवारी २०१७ ला न्यायालयानं तिच्यावर सविस्तर निकाल दिला. त्यानंतरही चौकाचौकांत काय दिसतं, ते वाचकांना सांगायला नको.

पाडळीच्या काठीवर आजही कुणाचा फोटो नाही. जोवर तिला गाव म्हणून ओळखतात, तोवर तो लागणारही नाही.

वाचकांना एक विनंती आहे. युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर, तालमीच्या माळ्यावर, साखर कारखान्याच्या वसाहतीत एखाद्या निवृत्त माणसाच्या ट्रंकेत जुना कापडी फलक सापडला तर तो फेकू नका. घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. जाड नळीवर पांढरं सुती कापड गुंडाळा, त्यावर फलक रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि कोरड्या जागी आडवा ठेवा. कोणत्या मोर्चाचा, कोणत्या सालचा, ते विचारून घ्या. आणि रंगवणाऱ्याचं नाव कुणाला आठवत असेल, तर तेही चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.