पत्र्याचे घर आणि वैशाखाचे ऊन

मुळशी तालुका हा पावसाचा मुलूख. त्यामुळे येथील घरे बांधताना आजवर पावसाचाच विचार अधिक झाला. उतरते छप्पर, खोल पडवी, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, ही जुन्या घराची ठेवण. दरवर्षी गवत शाकारण्याचे व कौले चाळण्याचे कष्ट वाचावेत म्हणून पत्रा आला. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. मात्र चैत्र-वैशाखात हाच पत्रा घराची भट्टी करतो.

गेल्या एप्रिलमध्ये पौडच्या पश्चिमेस एका वाडीवर भर दुपारी जाण्याचा प्रसंग आला. घरातील आजी गोठ्यात बाज टाकून बसल्या होत्या. गोठा गवताने शाकारलेला, घर नव्या पत्र्याचे. “गुरांनी जागा दिली म्हणून बरं, साहेब,” असे त्या हसत म्हणाल्या. परंतु अशा उष्म्याने वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या जिवाला धोका पोहोचतो. ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही. घरात पंखा फिरतच होता, पण तो छपराखालची तापलेली हवाच खाली ढकलीत होता.

पंखा हवा थंड करीत नाही. अंगावरचा घाम वाळवून शरीराला गारवा देतो. रिकाम्या खोलीत तो फिरविणे म्हणजे निव्वळ वीज घालविणे होय. ७५ वॅटचा पंखा १२ तास चालल्यास ०.९ युनिट वीज लागते. सुमारे ३० वॅटच्या नव्या बीएलडीसी पंख्यास तेवढ्याच वेळात ०.३६ युनिट पुरते. महिन्यास १६ युनिटांची बचत. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्यास नेऊन वीज होते, आणि त्या धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी येथील मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. विजेचे मोल या तालुक्यास निराळे सांगावयास नको.

पंखा बदलण्याआधी छपराकडे पाहावे. बैठ्या घरात उन्हाची झळ मुख्यतः तेथूनच उतरते. पत्र्यास ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा. चुना स्वस्त खरा, पण पत्र्यावर तो नीट धरत नाही व येथील पावसात धुऊन जातो. स्लॅबवर मात्र दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात अवश्य द्यावेत. काम सकाळच्या उन्हात उरकावे. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो अकस्मात फुटतो.

त्याहून उपयुक्त उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करणे. वरून शेणमातीचा लेप द्यावा आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत आढ्यालगत झरोके ठेवावेत, म्हणजे कोंडलेली उष्ण हवा बाहेर पडते. पावसाळ्यात झरोक्यांवर झडप हवी. छतावर भाताचा पेंढा पसरावा काय, असे अनेक जण विचारतात. गारवा येईल, परंतु आगीचे भय मोठे; चुलीवर अथवा विजेच्या तारांजवळ तो कदापि नको.

जाड दगडमातीच्या घराची दारे-खिडक्या दिवसा लावून रात्री उघडाव्यात. पत्र्याच्या भिंतींच्या घरास हा नियम लागू नाही. ते बंद केल्यास आत अधिकच तापते. खिडकीवर ओले गोणपाट टांगल्याने कोरड्या हवेत चांगला गारवा मिळतो. मे अखेरीस हवा दमट झाली की त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि हंड्याने पाणी आणावे लागणाऱ्या घरास तो सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्यांनी मोरीचे सांडपाणी पश्चिमेच्या भिंतीलगत वळवावे व फेब्रुवारीत दोडक्याचे वेल लावून मांडवावर चढवावेत. दुपारचे तिरपे ऊन भिंतीवर येत नाही आणि भाजीही मिळते. कायमच्या सावलीसाठी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर त्याच बाजूस, भिंतीपासून पंधरा-वीस हात दूर, फणसाचे रोप लावावे. त्या वाडीवरील आजींच्या नातवाने खड्डा खणून ठेवला आहे.