ब्रेक पाइप बदलला, पण हवा काढली का?

वाशीम (प्रतिनिधी) : सोयाबीन निघाले की आपल्या भागातले पिकअप आणि छोटा हत्ती रात्रंदिवस चालतात. चिखलपाण्याने खालचा लोखंडी ब्रेक पाइप गंजतो, रबरी पाइपला चिरा पडतात. गॅरेजवर नवा पाइप बसतो आणि लगेच गाडीत माल भरला जातो. धोका इथेच आहे.

पाइप खोलला की त्यात हवा शिरते. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखे लागते आणि खाली बुडते. दोन-चारदा पंप मारला की ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण ते फसवे आहे. अकोला रस्त्यावरच्या पातूर घाटात पंप मारायला वेळ मिळत नाही.

हवा काढायला दोन माणसे लागतात. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात पाहावा.

१. टाकी नव्या ऑइलने भरा. काम चालू असताना ती रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरते.
२. चाकामागच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा. तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.
३. एकाने पेडल तीन-चारदा हळू दाबून धरून ठेवावे. दुसऱ्याने निप्पल थोडा सैल करावा. बुडबुडे येतील.
४. निप्पल आवळल्यावरच पाय उचलायचा. बुडबुडे बंद होईपर्यंत हेच करा.

काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला निप्पल असेल तर तिथलीही हवा काढावी लागते. एबीएस असलेल्या गाडीला कधी कधी स्कॅनर लागतो, ती माहितगार मिस्त्रीकडेच न्या.

ऑइल झाकणावर लिहिलेलेच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने आतले रबर फुगते. बाटलीत काढलेले ऑइल परत टाकीत ओतू नका. बरेच दिवस उघडी पडलेली बाटलीही वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी ओढल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले की ते उकळते, वाफ होते आणि पेडल बुडते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. प्रत्येक जोड हाताने तपासा, ओला लागता कामा नये. इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते ठीक आहे. नंतर रिकामी गाडी सपाट, मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक लावून पहा.

पेडल पहिल्याच दाबात कडक लागले, तरच माल भरा. मागे मजूर बसणार असतील तर मिस्त्रीला घाई करू नका, हवा निघेपर्यंत थांबा.