उशिरा मिटणारे व्हॉल्व्ह

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला वरून खाली यायला ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सिलिंडर हवेने भरला पाहिजे. गाडी सिग्नलला ७५० फेऱ्यांवर उभी असते तेव्हा याच कामाला ४० मिलिसेकंद मिळतात. वेगात आत घुसणाऱ्या हवेला स्वतःची ओढ असते; पिस्टन वर निघाला तरी ती येतच राहते, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. संथ चालीत मात्र तोच उशीर आलेली हवा परत बाहेर ढकलतो. आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टवरचा उंचवटा तर कारखान्यात एकदाच घासून कायमचा ठरलेला! ‘पिकअप’ हवा की ‘ॲव्हरेज’, हा वाद तिथेच सुरू होतो.

१९८० मध्ये अल्फा रोमिओने ‘स्पायडर’मध्ये व्हॉल्व्हची वेळ बदलण्याची सोय दिली. गाजावाजा झाला तो होंडाच्या ‘व्हीटेक’चा. इकुओ काजितानी यांच्या चमूपुढे १.६ लिटर इंजिनातून १४० अश्वशक्ती काढायचे उद्दिष्ट होते; होंडाच्या संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते लिटरला १०० वर नेले. एप्रिल १९८९ मध्ये ‘इंटेग्रा’ आली ती १६० अश्वशक्ती घेऊन, तीही टर्बोशिवाय. युक्ती अशी: दोन इनटेक व्हॉल्व्हना तीन उंचवटे. कडेचे दोन बुटके, मधला उंच. एरवी मधल्याचा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी दांडी, नुसताच हलत राहतो. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर जखडले जातात आणि इंजिनाचा आवाजच पालटतो. भारतात २००० साली ‘सिटी व्हीटेक’ आली आणि त्या आवाजाचे भक्त इथेही झाले.

मला मात्र या तंत्राचे खरे मोल १९९७ च्या टोयोटा ‘प्रियस’मध्ये दिसते. तिच्या १.५ लिटर इंजिनाची ताकद अवघी ५८ अश्वशक्ती, आणि तीही मुद्दाम कमी ठेवलेली. इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा मिटतो की आत आलेली काही हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये जाते. दाबण्याचा टप्पा त्यामुळे आखूड होतो, पण स्फोटानंतर वायू पिस्टनला पूर्ण लांबीभर ढकलतात; पेट्रोलमधली जास्त ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८० च्या दशकात हेच किचकट दांड्या-सांध्यांनी साधले होते. उणी पडलेली ताकद प्रियसमध्ये विजेची मोटर भरून काढते. होंडाने उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हकडून वेग मागितला, टोयोटाने काटकसर. छोट्या गाड्यांच्या बाजारात दुसरी मागणी टिकली.

२०११ च्या मारुती ‘स्विफ्ट’मधल्या १.२ लिटर इंजिनात तीन उंचवट्यांचा थाट नाही. कॅमशाफ्टच्या टोकाला पात्यांचा एक फेझर असतो. संगणकाच्या हुकमाने झडप ऑइल इकडे किंवा तिकडे सोडते आणि शाफ्ट काही अंश पुढे-मागे फिरतो. ऑइलच्या या वाटा अरुंद असतात. ऑइल बदलायला फार टाळाटाळ झाली, तर बारीक जाळीत गाळ बसतो, फेझर वेळेवर हलत नाही, गाडी उभ्या जागी थरथरते आणि ॲव्हरेज घसरते.